पार्क आजींनी न सांगितलेली गोष्ट

माझ्या नवऱ्याला वाटतं की माझं सगळं त्याला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. आईला नाही, मुलीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच. एकदा मोठ्यानं बोलून पाहिलं होतं — गाडीत एकटी असताना, काचा वर करून. अर्ध्या वाक्यात थांबून रेडिओ लावला. म्हणून आता लिहून बघते. तुम्ही ओळखीचे नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

कुठून सुरू करू?

दुकानापासून करते. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला राहायला आलो तेव्हा घराजवळ एक भाजीचं दुकान होतं, एका कोरियन बाईंचं. अमित दिवसभर ऑफिसात, माझा व्हिसा डिपेन्डंट, काम करायची परवानगी नाही, मुलगी लहान. बाहेर पडायचं म्हणजे त्या दुकानात जायचं. गल्ल्यावर त्या स्वतःच बसायच्या, पार्क आजी. आखूड कुरळे केस, अंगात उन्हाळ्यातसुद्धा बिनबाह्यांचं जाकीट. त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं, माझंही तेव्हा फार पुढचं नव्हतं. म्हणूनच जमलं आमचं. 'बेबी ईट?' 'ईट, ईट.' 'गुड.' आणि मुलीच्या हातात एक संत्रं. असं आमचं बोलणं.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात सुक्या मासळीची पाकिटं असायची. बारीक, चंदेरी, डोळ्यांसकट. पहिल्यांदा त्या कोपऱ्यात गेले आणि दचकून मागे सरले. वास ओळखीचा होता. फार ओळखीचा.

इथे आधी एक जुनं खोटं बाजूला काढून ठेवायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई सुकी मासळी विकायची. विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, आठवडी बाजारात, खाली गोणपाट टाकून. सुकट, बोंबील, झिंगे. तिच्या लुगड्याला तो वास, आमच्या घराला तो वास, माझ्या शाळेच्या दप्तराला तो वास. आणि मी लग्न ठरल्यापासून सगळ्यांना सांगत आलेय — 'आईचं दुकान होतं.' दुकान! डोक्यावर एक फाटकी ताडपत्री, तिला चार बांबू. आमच्या लोकांत खरं तर यात लपवण्यासारखं काही नाही. इथे चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात चांगले मोठ्या हुद्द्यावरचे लोक स्टेजवर उभे राहून सांगतात, माझी आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जायची, माझे वडील रिक्षा ओढायचे. सांगताना त्यांचे डोळे भरतात, टाळ्या पडतात. मीही वाजवते. आणि कुणी मावशी जवळ येऊन विचारते, 'तुझ्या माहेरी काय करतात गं?' — 'आईचं दुकान होतं.'

का? मला माहीत नाही. कुणी हसलं असतं का? नाही. तरी.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा गावच्या लायब्ररीत एक प्रोजेक्ट निघाला. ज्या बायका तरुणपणी कोरियातल्या जुन्या बाजारांत धंदा करायच्या आणि आता म्हाताऱ्या होऊन इकडे राहतात, त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करायच्या, मग त्यांचं प्रदर्शन भरवायचं. प्रोजेक्ट चालवणाऱ्या डोना नावाच्या बाई होत्या. त्यांना व्हॉलंटियर हवे होते. पार्क आजींचं नाव यादीत होतं, पण त्या कुणाशी बोलायला तयार नव्हत्या. 'बेबी मदर कम, आय टॉक,' असं म्हणाल्या. बेबी मदर म्हणजे मी. मला इतका आनंद झाला होता! या देशात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्यासाठी बोलावलं होतं.

दोन बैठका झाल्या, त्यांच्याच स्वयंपाकघरात. पहिलीत त्या इकडच्याच गोष्टी बोलत राहिल्या — दुकान, नवरा लवकर गेला, एकुलती एक मुलगी ग्रेस, ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, मोठ्या टेक कंपनीत. मुलीचा विषय निघाला की वाक्य तुटायचं. दुसऱ्या बैठकीत बाजार आला, तुटक इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. समुद्राकाठचं शहर, पहाटेच्या बोटी, रबराचे बूट घातलेल्या बायका ओळीनं बसलेल्या. आजी आणि त्यांची धाकटी बहीण एकाच चटईवर, समोर सुक्या मासळीच्या राशी. बहीण ओरडून गिऱ्हाईक बोलवायची, आजी तोलून द्यायच्या. जागेवरून भांडणं कशी व्हायची, एकीनं दुसरीच्या अंगावर बादलीभर पाणी कसं ओतलं, हे त्यांनी उठून करून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. फोन टेबलावर, रेकॉर्डिंग चालू. निदान मला तरी तसं वाटत होतं.

घरी येऊन बघते तर बैठक सुरू होताच अमितचा फोन येऊन गेला होता. फोन सायलेंटवर, मला कळलंही नाही. रेकॉर्डिंग तिथेच थांबलेलं. पुढचं सगळं बोलणं हवेत.

यात माझा गुन्हा नाही, हे मलाही कळतं. अशी चूक कुणाकडूनही होते. पार्क आजींकडे परत जायचं, हात जोडायचे, परत बोलायला लावायचं. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. लाज वाटत होती. आणि एका सकाळी दुकानाचं शटर बंद दिसलं. शेजारच्या सलूनवाल्यानं सांगितलं, आजींना स्ट्रोक आला. त्या शुद्धीवर आल्या नाहीत.

मी रडले. खूप रडले. हे सांगते ते सहानुभूती मिळावी म्हणून नाही. रडून झाल्यावर मी काय केलं ते तुम्हाला कळावं म्हणून.

डोनाबाईंना प्रदर्शनासाठी मजकूर हवा होता. प्रत्येक बाईचा फोटो आणि खाली तिच्याच शब्दांत तिची आठवण. बाजाराच्या बैठकीचं रेकॉर्डिंग नाही म्हणून सांगता आलं असतं. मी सांगितलं, 'आजींनीच मला ते पुसून टाकायला लावलं, लिहिलेलं तेवढं ठेव म्हणाल्या.' किती सहज बोलले मी! डोनाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, 'त्यांचा तुझ्यावर विश्वास होता.'

मग लिहायला बसले. आठवलं तेवढं लिहिलं — बोटी, चटई, बहीण, पाण्याची बादली. पान अर्धंही भरेना. बाकीच्या बायकांच्या आठवणी डोनाबाईंनी मला वाचायला दिल्या होत्या. एकीचं घर जळालेलं, एकीचा भाऊ हरवलेला. आणि माझ्या पार्क आजींची पाण्याची बादली. मला ते पुरेसं वाटलं नाही. त्यांचं आयुष्य मला पुरेसं वाटलं नाही — हे आज लिहिताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा तसंच होतं.

आता आईचं सांगायलाच हवं.

माझं बाळंतपण माहेरी झालं. एका दुपारी आई माझ्या मुलीला तेल लावत होती. मान वर न करता बोलायला लागली. माझ्या आधी तिला एक मुलगी होती. मला हे माहीतच नव्हतं. कुणी कधी बोललंच नव्हतं.

'मिरगाच्या तोंडावरचा बाजार होता,' आई म्हणाली. 'पावसाळ्याची बेगमी कराले लय गिऱ्हाईक. पोरीच्या आंगात ताप. म्या टोपल्याच्या मांगं निजवली तिले, वरून पदर टाकला. म्हटलं, बाजार उठला का दवाखान्यात नेतो. मंधात हात लावून पायला. आंग गार लागलं. मले वाटलं, ताप उतरला.'

एवढंच. मग माझ्या मुलीचे पाय चोळत राहिली. जाताना दारात थांबून म्हणाली, 'कोणाले सांगू नको, बाई.'

मी हे पार्क आजींच्या तोंडी घातलं.

आईची वाक्यं मी इंग्रजीत लिहिली, एकामागून एक. फक्त मिरगाच्या जागी कोरियन सण टाकला, टोपल्यांच्या जागी खोके. बाकी तेच. 'तिला हात लावला. अंग गार लागलं. मला वाटलं, ताप उतरला.' हात थांबला नाही माझा. उलट — कसं सांगू — बरं वाटत होतं. ज्या आईला मी इतकी वर्षं 'दुकान' म्हणत आले, तिचं खरं आयुष्य पहिल्यांदा माझ्या हातून लिहिलं जात होतं. पण दुसरीच्या फोटोखाली. आणि मनात काय होतं, माहीत आहे? की वाचायला कोण येणार आहे? चार म्हाताऱ्या येतील, कॉफी पितील, जातील.

प्रदर्शनाला ग्रेस आली. आईचं घर आवरायला ती बेलव्ह्यूहून आलीच होती, डोनाबाईंनी तिला बोलावलं.

मी लांब उभी होते, हातात कागदी कप. ग्रेसनं वाचायला सुरुवात केली, आईसारखीच मान थोडी तिरकी करून. अर्ध्यावर आली आणि तिनं भिंतीला हात टेकला. मग खाली बसली. लायब्ररीच्या कार्पेटवर, चांगला कोट घातलेली बाई, पाय दुमडून. लोक धावले. डोनाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. ग्रेसनं वर बघितलं आणि विचारलं, 'माय मदर टोल्ड यू धिस?'

माझी मान हो म्हणून हलली. मी हलवली असं म्हणायला हवं, मला कळतं. पण मला ती आपोआप हललेली आठवते.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? तिथे, त्या कार्पेटवर बसून? लोक काय म्हणाले असते? डोनाबाईंनी हाकललं असतं. बस. तेवढंच झालं असतं. आणि मी तेवढ्याला घाबरले.

त्यानंतर ग्रेस मला रोज बोलवायला लागली. ती घर आवरायची, मी खोके भरायला मदत करायचे, आणि ती बोलत राहायची. 'आई मला कधी जवळ घ्यायची नाही,' ग्रेस म्हणायची. 'मला ताप आला की मात्र दुकान बंद करून बसायची, सारखी हलवून उठवायची, झोपू द्यायची नाही. मला राग यायचा तिचा. आय हेटेड हर फॉर दॅट. आणि ती बिचारी बघत असायची, मी गार तर पडले नाही ना.' मी भांडी कागदात गुंडाळत राहिले. मग माझ्या मनानं एक पळवाट काढली — खरंच तसं झालं असेल का? आजींचंही एक बाळ गेलं असेल, आणि मी नकळत खरं लिहिलं असेल? त्या पळवाटेवर मी थोडे दिवस जगले.

ती पळवाट आजींच्या धाकट्या बहिणीनं बंद केली.

बहीण अजून त्याच बाजारात बसत होती. ग्रेसची मावशी. ग्रेसचं आता या जगात जवळचं माणूस तेवढं एकच. एका दुपारी ग्रेसनं व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाट होती. मावशी बाजाराला निघायच्या तयारीत, छातीवर रबराचा एप्रन. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मी समोर बसलेली. ग्रेसनं कोरियनमध्ये बाळाबद्दल विचारलं. मावशींनी आधी ऐकू आलं नाही असं केलं, मग हसल्या, मग हसू गेलं. भराभर बोलायला लागल्या, हात हलवत.

'ती म्हणते असं बाळ नव्हतंच,' ग्रेस मला इंग्रजीत सांगत होती. 'म्हणते, मी रोज तिच्या शेजारी बसायचे. बाळ असतं तर मला दिसलं नसतं का? म्हणते, तुझ्या आईवर असला डाग कोण लावतंय?' मग ग्रेसचा चेहरा लाल झाला. 'शी इज लाइंग. त्या दोघी मिळून लपवत आल्या. हिला घराची अब्रू जपायचीय.'

मावशी रडायला लागल्या. म्हाताऱ्या बाईचं रडणं — तोंड वाकडं होतं, आवाज येत नाही. आणि ग्रेस माझ्याकडे वळली.

'तू त्या खोलीत होतीस. तिनं तुला हे सांगितलं. तुझ्या कानांनी ऐकलंस ना तू? सांग हिला.'

एवढ्यासाठी मी हे सगळं लिहितेय. ह्या एका क्षणासाठी. बाकीचं — रेकॉर्डिंग, मजकूर, ती मान हलणं — त्याला निदान काही नाव देता येईल. भित्रेपणा म्हणा, मूर्खपणा म्हणा. पण इथे तीन बायका होत्या. एकीची आई गेलेली, एकीची बहीण गेलेली, आणि दोघींमध्ये मी. एक शब्द बोलले असते तर त्या दोघी एकमेकींना परत मिळाल्या असत्या. फक्त मी उरले नसते त्यांच्यात.

'येस,' मी म्हटलं. 'शी टोल्ड मी.'

'येस' कळायला इंग्रजी लागत नाही. मावशींनी रडणं थांबवलं आणि स्क्रीनमधून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. त्या गोंधळल्या होत्या. ही कोण परकी बाई, हिचं काय अडलंय खोटं बोलायला — असं काहीतरी. आणि मग मला दिसलं — खरंच दिसलं — की त्यांना क्षणभर स्वतःचीच शंका आली. आपल्यालाच आठवत नसेल का? आपल्या शेजारी एक बाळ गेलं आणि आपल्याला कळलंच नाही? मी एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीत हात घालून तिथली वस्तू हलवली होती. ग्रेसनं फोन बंद केला.

त्यानंतर ती मावशींशी बोलली नाही. मावशींनी बेलव्ह्यूला पार्सल पाठवलं, सुक्या मासळीचं, दरवर्षी पाठवायच्या तसं. ग्रेसनं ते न उघडता परत केलं. हे तिनंच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज थोडा हलला. मी ऐकून घेतलं. 'तुला योग्य वाटलं ते तू केलंस,' म्हटलं. हेही मीच म्हटलं.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. ग्रेस अंत्यविधीला गेली नाही. तिनं मला मेसेज केला — ती शेवटपर्यंत खरं बोलली नाही.

मी फोन हातात घेऊन किचनमध्ये उभी होते. मुलगी म्हणाली, 'आई, आर यू ओके?' मी म्हटलं, हो.

वसंतात ग्रेस आली. आईच्या कबरीवर नवा दगड बसवला होता, तू ये म्हणाली, तुझ्याशिवाय कुणाला बोलवू? मी गेले. फुलं घेऊन गेले. छान मऊ ऊन होतं, गवत नुकतं कापलेलं. दगडावर वर कोरियन अक्षरांत आणि इंग्रजीत पार्क आजींचं नाव. त्याखाली एक ओळ, इंग्रजीत — 'आणि तिची लहानगी.'

मला आधी अर्थच लागला नाही. मग ती ओळ परत वाचली. आमच्या गावी, बाजाराच्या मागे कुठेतरी, आई-बाबांनी जिला पुरलं, जिच्यावर एक दगडसुद्धा नाही, ती माझी बहीण इथे होती. न्यू जर्सीत, दुसऱ्या घराण्याच्या कबरीवर, कोरून. आणि ज्या बाईचं असं बाळ कधी नव्हतंच, तिच्या माथी कायमचं लिहून ठेवलेलं, की हिनं आपलं लेकरू खोक्यांमागे मरू दिलं. पार्क आजी, ज्यांनी माझ्या मुलीच्या हातात संत्री ठेवली. दगडावरचं पुसता येत नाही.

ग्रेस खाली वाकून फुलं नीट लावत होती. म्हणाली, 'मी तिला माफ केलं. इट्स ओके नाऊ. मी शांत आहे.' आणि मग, अगदी सहज, 'तिनं नाव सांगितलं होतं का तुला? बाळाचं? मला तेही घालायचं होतं.'

'नाही,' मी म्हटलं. 'नाव नाही सांगितलं.'

ग्रेसला मी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. आईनं नाव सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं गेली, ती गोष्ट मी लिहिली, भिंतीवर लावली, तिच्यासाठी एका म्हातारीला खोटं पाडलं, आणि माझ्या स्वतःच्या बहिणीचं नाव काय होतं, हे एकदाही मनात आलं नाही.

ग्रेस अजून मला फोन करते. मला बहीण मानते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

आई आहे. आता बाजारात बसत नाही, गुडघे गेलेत. दर रविवारी सकाळी फोन करते — जेवली का, पोरगी कशी हाये, थंडी हाये का तिकडं. मी सगळ्याची उत्तरं देते. नाव अजून विचारलेलं नाही.